खलनायकाचा ध्यास आणि भेद्य नायक : 'हॅनिबल' या दूरचित्रवाणी-मालिकेच्या अनुषंगाने

दशरूपककार धनंजयाने दहाव्या शतकात प्रतिनायकाची लक्षणे मोठ्या काटकसरीने सांगितली आहेत. तो लोभी असतो, धीरोद्धत असतो, ताठर असतो, पापाचरणी असतो आणि व्यसनी असतो. टीकाकाराने उदाहरणे दिली ती अर्थातच रावण आणि दुर्योधन यांची. यांपैकी शेवटचे लक्षण वाचताना आपण सहसा द्यूत, मद्य, मृगया अशा ठरीव व्यसनांचा विचार करतो आणि पुढे जातो. प्रतिनायकाला नायकाचेच व्यसन जडलेले असू शकते, ही शक्यता त्या व्याख्येत सामावते की नाही, असा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. एकविसाव्या शतकातील इंग्रजी दूरचित्रवाणी-नाट्य पाहणाऱ्या अभ्यासकाला मात्र तो टाळता येत नाही. या नाट्यातील कित्येक खलनायकांना राज्य नको असते, धन नको असते, नायिकाही नको असते. त्यांना नायक हवा असतो, आणि तोही सहसा असा नायक, की जो मुळातच जखमी, एकाकी, स्वतःच्या मनाविषयी साशंक आहे.

अशा नायकासाठी मराठीत नेमका शब्द सापडत नाही. 'दुर्बळ' म्हणावे तर तो दुर्बळ नसतो; पुष्कळदा त्याच्यापाशी इतरांपाशी नसलेली एखादी शक्तीच असते. 'हळवा' हा शब्द जवळचा असला, तरी त्यात भावविवशतेची छटा फार आहे. प्रस्तुत लेखात 'भेद्य' हा शब्द योजला आहे. ज्याच्या मनाला बाहेरून आत येण्यासाठी वाट आहे, तो भेद्य. संस्कृत नाट्यशास्त्राने नायकाचे चार प्रकार केले. धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशान्त आणि धीरोद्धत. या चारही नावांत 'धीर' हे पद कायम आहे. नायक कोणत्याही स्वभावाचा असो, त्याचा मनोव्यापार स्थिर असला पाहिजे, ही त्यामागील गृहीत अट होय. भेद्य नायक या अटीबाहेर उभा असतो. खलनायकाचे लक्ष त्याच्याकडे का वेधले जाते, आणि त्या वेधले जाण्यातून कथेला नेमके काय मिळते, याचा विचार एका मालिकेच्या आधारे येथे करावयाचा आहे.

ही मालिका म्हणजे अमेरिकेतील एनबीसी वाहिनीवर २०१३ ते २०१५ या काळात दाखवली गेलेली 'हॅनिबल'. प्रत्येकी तेरा भागांची तीन पर्वे, एकूण एकोणचाळीस भाग. मालिकेचा कर्ता ब्रायन फुलर. नायक विल ग्रॅहम याची भूमिका ह्यू डॅन्सी याने, तर डॉ. हॅनिबल लेक्टर याची भूमिका मॅड्स मिकेल्सन याने केली. मुळातली पात्रे थॉमस हॅरिस याच्या 'रेड ड्रॅगन' (१९८१) या कादंबरीतली. लेक्टर हे नाव आपल्याकडे पोचले ते मुख्यतः 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज' या १९९१ सालच्या चित्रपटामुळे. तो मनोविकारतज्ज्ञ आहे, पाककलेचा मर्मज्ञ आहे आणि नरमांसभक्षक खुनी आहे. विल ग्रॅहम हा एफबीआयच्या प्रशिक्षण-संस्थेत शिकवणारा, माणसांच्या डोळ्यांत डोळा घालून पाहणे टाळणारा, भटक्या कुत्र्यांना घरी आणून सांभाळणारा एक एकलकोंडा गृहस्थ आहे. खुनाच्या जागी गेल्यावर खुन्याच्या मनात प्रवेश करण्याची विलक्षण शक्ती त्याच्यापाशी आहे.

कादंबरी आणि मालिका यांच्यातील एक फरक आरंभीच नोंदवला पाहिजे. 'रेड ड्रॅगन' सुरू होते तेव्हा लेक्टर तुरुंगात आहे, ग्रॅहमने त्याला पकडलेले आहे आणि त्या पकडीत स्वतः जवळजवळ प्राण गमावलेले आहेत. दोघांची पूर्वओळख थोडक्यात उरकलेली आहे. लेक्टर कादंबरीत प्रत्यक्ष येतो तोही थोड्याच पृष्ठांपुरता. मालिकेने या पूर्ववृत्ताच्या पोकळीत आपला तंबू ठोकला. कादंबरीत लेक्टर हा ग्रॅहमचा चिकित्सक नाही; मालिकेत तो आहे. ग्रॅहमचा वरिष्ठ जॅक क्रॉफर्ड हाच त्याला या कामावर आणतो, कारण ग्रॅहमचे मन हे तपासाचे मोलाचे उपकरण आहे आणि ते मोडू नये अशी त्याची इच्छा आहे. खलनायक नायकाच्या आयुष्यात येतो तो वैरी म्हणून नव्हे, काळजीवाहू म्हणून. पुढचे सारे नाट्य या एका बदलातून उगवले आहे.

येथे दूरचित्रवाणीच्या रूपबंधाचाही विचार केला पाहिजे. आर्थर कॉनन डॉयलने १८९३ साली 'द फायनल प्रॉब्लेम' या कथेत मोरिआर्टी निर्माण केला तो मुख्यतः होम्सचा शेवट करण्यासाठी. एका कथेत आला आणि धबधब्यात गेला. मालिकेला असा खलनायक परवडत नाही. तिला आठवड्यामागून आठवडे, वर्षामागून वर्षे दोघांनाही जिवंत ठेवावे लागते. मग हाती सत्ता, बुद्धी आणि शस्त्र असलेला खलनायक नायकाला मारून का टाकत नाही, या प्रश्नाचे पटण्याजोगे उत्तर द्यावे लागते. जुन्या साहसमालिकांत ते योगायोगाने दिले जाई. दोर तुटे, बंदूक अडके. अलीकडच्या मालिकेने ते उत्तर खलनायकाच्या मनात शोधले. त्याला नायक मेलेला नको आहे, कारण नायकावाचून त्याचे चालत नाही. ध्यास हा अशा रीतीने मानसशास्त्रीय विषय होण्यापूर्वी कथनाची एक गरज आहे. अर्थात गरजेतून आलेली गोष्ट उथळच असते असे नाही. मराठी कादंबरीच्या अभ्यासकांना हप्त्याहप्त्याने छापल्या गेलेल्या लेखनाचा हा अनुभव नवा नाही.

आता ग्रॅहमची शक्ती नेमकी कशी आहे ते पाहू. खुनाच्या जागी तो डोळे मिटतो. पडद्यावर प्रकाशाचा एक लंबक हेलकावे घेतो, सांडलेले रक्त मागे परतते, प्रेत उठून उभे राहते, आणि खुन्याच्या जागी ग्रॅहम स्वतः उभा राहतो. तो प्रथमपुरुषी एकवचनात बोलू लागतो. केलेले कृत्य स्वतःची रचना म्हणून सांगतो. आपल्याकडे याला 'अंगात येणे' असा शब्द आहे, आणि तो येथे चपखल बसतो. परंतु साहित्याच्या अभ्यासकाला आणखी एक संज्ञा आठवल्यावाचून राहणार नाही. न. चिं. केळकर यांनी १९२१ सालच्या बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. वाचक परक्या भूमिकेत शिरतो, तिच्याशी तद्रूप होतो, पण त्याच वेळी आपण आपणच आहोत हे भान त्याला सुटत नाही; या दुहेरी अवस्थेत वाङ्मयाचा आनंद आहे, असा तिचा आशय. या कल्पनेवर पुढे पुष्कळ चर्चा झाली, तिच्या मर्यादाही दाखवल्या गेल्या. तथापि ग्रॅहमची व्यथा सांगण्यास तिच्याइतके नेमके साधन दुसरे नाही. ग्रॅहम हा उत्तम वाचक आहे. त्याची समाधी लागते. फक्त तीतला 'विकल्प' दिवसेंदिवस क्षीण होत चालला आहे. परक्याच्या मनातून परत येण्याची वाट त्याला सापडेनाशी होते.

लेक्टरला हाच वाचक हवा आहे. त्याचे खून हे त्याच्या लेखी खून नाहीत, कलाकृती आहेत. प्रेते मांडण्याची त्याची पद्धत चित्रकाराची आहे. त्याच्या मेजवान्यांचे सौंदर्य इतके की कोणाच्या मांसाची ती केलेली आहे हे ठाऊक असूनही प्रेक्षकाची नजर ताटावर रेंगाळते. (पर्वांच्या भागांना नावे दिली आहेत तीही भोजनक्रमाची, पहिल्या पर्वात फ्रेंच, दुसऱ्यात जपानी, तिसऱ्याच्या पूर्वार्धात बहुतांशी इटालियन.) परंतु या कलावंताला रसिक मिळणे अशक्य आहे. जो त्याची कला ओळखील तो त्याला पकडील, आणि जो ओळखणार नाही त्याच्या स्तुतीला मोल नाही. संपूर्ण एकांतात रचना करणाऱ्या या माणसापुढे एके दिवशी असा कोणी येतो की जो रचना पाहून रचनाकाराच्या जागी उभा राहू शकतो. ध्यासाचे मूळ येथे आहे. नायकाचा दुबळेपणा पाहून खलनायक आकृष्ट झाला, असे वरवर पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः तो आकृष्ट झाला आहे ग्रॅहमच्या आकलनशक्तीकडे. भेद्यता आणि आकलन या ग्रॅहमच्या ठिकाणी दोन गोष्टी नाहीतच. आत येण्यासाठी जी वाट दुसऱ्याला आहे, तिनेच तो दुसऱ्याच्या आत जातो.

मात्र येथूनच एक पेच उत्पन्न होतो, आणि मालिकेचा खरा विषय तोच आहे. ग्रॅहमने लेक्टरला ओळखावे, पण इतरांना सांगू नये. सांगितले तर कोणी मानू नये. म्हणून लेक्टरचा सारा उद्योग ग्रॅहमची बुद्धी नष्ट करण्याकडे वळत नाही; तो वळतो ग्रॅहमच्या साक्षीची किंमत नष्ट करण्याकडे. पहिल्या पर्वातील दोन प्रसंग या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखे आहेत.

'बुफे फ्र्वा' या भागात लेक्टर ग्रॅहमला एक घड्याळ काढावयास सांगतो. ही मेंदूची एक साधी चाचणी आहे. ग्रॅहम कागदावर वर्तुळ काढतो, आकडे मांडतो, काटे दाखवतो. त्याला आपले घड्याळ बिनचूक वाटते. कागद लेक्टरच्या हाती जातो तेव्हा आपल्याला दिसते की आकडे एका अंगाला घसरले आहेत, वर्तुळाबाहेर सांडले आहेत. लेक्टर काही बोलत नाही. ग्रॅहमच्या मेंदूला सूज आली आहे हे त्याने त्यापूर्वीच ताडलेले आहे, आणि तेही केवळ वासावरून. याच भागात मज्जातंतुतज्ज्ञाकडून तपासणी होते, चित्रात सूज स्पष्ट दिसते, आणि तो तज्ज्ञ लेक्टरशी संगनमत करून ग्रॅहमला शरीरात काही दोष नाही असे सांगतो. म्हणजे दोष मनात आहे. औषधाने बरा होणारा रोग अशा रीतीने रोग्याच्या स्वभावात ढकलला जातो. प्रेक्षकाला सत्य ठाऊक असते, नायकाला नसते. पाश्चात्त्य नाट्यविचारात नाट्यगत विरोध म्हणतात तो हाच. परंतु त्याचा उपयोग येथे हसू किंवा उत्कंठा यांसाठी केलेला नाही. त्या कागदावरील घड्याळ पाहताना जो शहारा येतो तो एका माणसाला स्वतःच्या डोळ्यांवर विसंबता येत नाही, आणि ज्याने त्याला सावध करावयाचे तोच गप्प बसला आहे, याचा असतो. प्रस्तुत लेखकाच्या मते एकोणचाळीस भागांत इतका क्रूर प्रसंग दुसरा नाही, आणि त्यात रक्ताचा थेंबही नाही.

दुसरा प्रसंग पर्वाच्या शेवटच्या भागातला. ग्रॅहमला मासे पकडण्याचा छंद आहे आणि गळाला लावावयाची आमिषे तो स्वतःच्या हाताने बांधतो. त्याच्या घरच्या झडतीत या आमिषांत मृतांच्या देहांचे अवशेष सापडतात. ते कोणी गुंफले हे प्रेक्षकाला कळते. कायद्याला फक्त आमिषे दिसतात. जो छंद त्याच्या एकांताचा विसावा होता तोच त्याच्याविरुद्धचा पुरावा झाला. पर्व संपते तेव्हा ग्रॅहम बाल्टिमोरच्या गुन्हेगार मनोरुग्णांच्या इस्पितळात गजांआड आहे आणि लेक्टर त्याला भेटावयास आलेला आहे. कादंबरी वाचलेल्या वाचकाच्या लक्षात येईल की ही जागा मुळात लेक्टरची. मालिकेने दोघांच्या जागांची अदलाबदल केली.

छळणाऱ्याने छळल्या गेलेल्याची विश्वासार्हता हिरावून घ्यावी, हे कथासूत्र इंग्रजी वाङ्मयात जुने आहे. विल्यम गॉडविनच्या 'केलेब विल्यम्स' (१७९४) या कादंबरीत फॉकलंड हा सज्जन म्हणून नावाजलेला धनी खुनी आहे हे त्याच्या सेवकाला कळते. धनी त्याच्यावर चोरीचा आळ घेतो आणि तो जेथे जाईल तेथे त्याची अपकीर्ती त्याच्या आधी पोचेल अशी व्यवस्था करतो. पुढे पॅट्रिक हॅमिल्टनच्या 'गॅस लाइट' (१९३८) या नाटकात नवरा बायकोला तिच्या स्वतःच्या स्मृतीविषयी शंकित करून वेडाच्या काठावर नेतो. या नाटकाच्या नावावरून इंग्रजीत पुढे एक क्रियापदच रूढ झाले. परंतु गॉथिक वाङ्मयाच्या एकंदर परंपरेत छळली जाणारी व्यक्ती बहुधा स्त्री असते. मोठ्या घरातली एकटी स्त्री, तिचे कोणी ऐकत नाही, आणि तिच्यावर माया दाखवणारा पुरुषच तिचा घातक असतो. 'हॅनिबल'ने या स्त्रीच्या जागी पुरुष बसवला. भेद्य पुरुष नायकाचे नावीन्य म्हणतात ते बऱ्याच अंशी हेच आहे. आपल्याकडील दैनंदिन मालिकांतही आळ, कपट आणि कोणीच विश्वास न ठेवणे ही यातना परंपरेने सुनेच्या वाट्याला आली आहे. त्याच यातनेत एखादा पुरुष दाखवला की ती यातना अकस्मात 'मानसशास्त्रीय' आणि गंभीर ठरते, हे जरा गमतीचे आहे.

बीबीसीच्या 'शेरलॉक' मालिकेतील 'द राइकेनबाख फॉल' हा १५ जानेवारी २०१२ रोजी दाखवलेला भाग तुलनेसाठी घेता येईल. तेथील मोरिआर्टी शेरलॉकला मारण्यापूर्वी त्याला खोटा ठरवतो. आपण मोरिआर्टी नसून शेरलॉकने पैसे देऊन नेमलेला एक नट आहोत, असा बनाव तो वृत्तपत्रापर्यंत पोचवतो. वास्तविक शेरलॉक ग्रॅहमसारखा भेद्य नाही. तो गर्विष्ठ आहे, स्वतःच्या बुद्धीवर त्याचा पूर्ण भरवसा आहे. खलनायकाला म्हणून आत शिरता येत नाही आणि त्याला लोकमताच्या वाटेने जावे लागते. हल्ला तरीही साक्षीवरच आहे. दोन अगदी निराळ्या प्रकृतींच्या नायकांवर दोन खलनायक एकाच ठिकाणी घाव घालतात, यावरून हे कथासूत्र केवळ एका मालिकेपुरते नाही असे म्हणता येईल.

शेक्सपिअरचा इयागो येथे कोणालाही आठवेल. देवलांच्या 'झुंझारराव' (१८९०) मुळे मराठी रंगभूमीला तो जाधवराव या नावाने परिचित आहे. सेनापती झुंझारराव बाहेरून बलाढ्य आणि आतून भेद्य. जाधवराव त्याच्या कानात संशय ओततो. साम्य स्पष्ट आहे. परंतु इयागोला आपले कर्तृत्व ऑथेल्लोने ओळखावे असे वाटत नाही. ते उघडकीस येते तेव्हा तो कायमचे मौन पत्करतो. लेक्टरचे उलट आहे. आपण काय केले हे ग्रॅहमला एक दिवस कळावे यासाठीच तो करतो. इयागोला ऑथेल्लोचा नाश पुरतो. लेक्टरला ग्रॅहमचे रूपांतर हवे आहे. आधुनिक खलनायकाच्या ध्यासात शिक्षकाचा अंश आला आहे, हे या तुलनेत दिसते. शिष्य घडवण्याची भूक आणि शिष्याला स्वतःसारखे करण्याची भूक यांतील अंतर अध्यापनाच्या व्यवसायातील आपल्यासारख्यांनी जरा जपूनच मोजावे.

भारतीय परंपरेत ध्यासाचे वेगळे प्रतिमान आहे. भागवताच्या दशम स्कंधात कंसाला बसता-उठता, जेवता-झोपता कृष्णच दिसतो. सप्तम स्कंधात नारद युधिष्ठिराला सांगतात की गोपींनी कामाने, कंसाने भयाने, शिशुपालादिकांनी द्वेषाने त्यालाच गाठले. विरोधभक्तीची ही कल्पना आपल्याला इतकी सवयीची आहे, की खलनायकाला नायकाचा ध्यास लागलेला दिसला की आपण त्यात भक्तीचा अंश शोधू लागतो. 'हॅनिबल'च्या संदर्भात हा शोध फसवा ठरतो. तेथे ध्यासाचा विषय सर्वसमर्थ होता. कंसाच्या ध्यासाने कृष्णाला ओरखडाही उठत नव्हता, जळत होता तो ध्यास करणारा. येथे ध्यास करणारा सुखात जेवतो आहे आणि ज्याचा ध्यास घेतला त्याचा मेंदू तापाने भाजून निघतो आहे. वैराने मुक्ती मिळाली ती वैऱ्याला, आणि तीही देवाच्या हातून. मनुष्यामनुष्यांमधील ध्यासाला ही सवलत नाही.

दुसऱ्या पर्वात समतोल बदलतो. तुरुंगात ग्रॅहमच्या रोगावर उपचार झालेले आहेत आणि विस्मृतीतले प्रसंग एकेक करून परत येऊ लागले आहेत. लेक्टर काय आहे हे तो आता जाणतो, परंतु वेड्याची साक्ष कोण मानणार? सहकाऱ्यांपैकी बेव्हर्ली कॅट्झ ही न्यायवैद्यक तज्ज्ञ तेवढी एक मधला मार्ग काढते. ती ग्रॅहमवर डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. त्याचे म्हणणे पुराव्याशी ताडून पाहते. साक्षीला न्याय द्यावयाचा तो असाच. आणि लेक्टरच्या घरातच ती मारली जाते. तिच्या देहाचे काप काचेच्या तावदानांत मांडून ठेवलेले सापडतात. या पात्राला मालिकेने दिलेली वागणूक प्रस्तुत लेखकाला सदोष वाटते. तिचा मृत्यू दोन पुरुषांमधील एक निरोप होऊन बसतो. पाठवणारा लेक्टर, वाचणारा ग्रॅहम, आणि कागदाच्या जागी ती. ॲबिगेल हॉब्स या अनाथ मुलीचेही तेच होते. दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस लेक्टर ग्रॅहमच्या पोटात सुरी खुपसतो, पण त्याला मरू देत नाही. गळा चिरला जातो तो ॲबिगेलचा, ग्रॅहमच्या डोळ्यांदेखत. मालिकांतील खलनायकाचा ध्यास नायकाला जिवंत ठेवतो हे वर म्हटले. त्याची किंमत आसपासची पात्रे चुकती करतात, आणि ध्यासाच्या भव्यतेने दिपलेला प्रेक्षक त्यांची नावे विसरतो.

या ध्यासाला प्रेम म्हणावे काय? तिसऱ्या पर्वात ग्रॅहम स्वतःच हा प्रश्न लेक्टरची सहचरी झालेल्या बेडेलिया द्यू मोरिए हिला विचारतो आणि ती होकारार्थी उत्तर देते. ब्रायन फुलरची मांडणीही त्याच दिशेने जाते. मालिका पाहिलेले पुष्कळ तरुण विद्यार्थी हे नाते निःसंकोचपणे प्रेमकथा म्हणून वाचतात, आणि दोन पुरुषांमधील ओढ इतक्या गांभीर्याने चित्रित झालेली पाहून त्यांना जे समाधान वाटते ते समजण्यासारखे आहे. ते वाचन चुकीचे ठरवण्याचा येथे हेतू नाही. परंतु त्या वाचनाने घड्याळाच्या कागदाचे काय करावयाचे, हे सांगितले पाहिजे. ज्याने तो कागद पाहून मौन पाळले त्याच्या भावनेची उत्कटता कोणी नाकारत नाही. प्रश्न असा आहे की उत्कटता हा पुरावा कशाचा? तिसऱ्या पर्वाची अडचण मला येथे जाणवते. फ्लॉरेन्सचे रस्ते, पालेर्मोच्या प्रार्थनामंदिरात मानवी धडाचे हृदयाच्या आकारात मांडलेले अर्घ्य, संथ छायालेखन, गंभीर संगीत. या सगळ्यांत पहिल्या पर्वातील जखम हळूहळू अलंकार बनते. मालिका लेक्टरच्या रुचीने पाहू लागते. ज्या समाधीतून ग्रॅहमला परतता येत नव्हते तीतून मालिकेलाही परतता येत नाही असे काही भागांत वाटते.

तरी 'डायजेस्टिव्हो' हा त्याच पर्वातील भाग या आक्षेपाला अंशतः उत्तर देतो. प्रचंड रक्तपातानंतर लेक्टर ग्रॅहमला त्याच्या वुल्फ ट्रॅप येथील घरी आणून निजवतो. जागा झाल्यावर ग्रॅहम त्याच्यावर शस्त्र उगारत नाही, आरोपही करीत नाही. तो थकलेल्या स्वरात सांगतो की मला तुझी उणीव भासणार नाही, तू कोठे आहेस ते मला जाणून घ्यावयाचे नाही, तुझ्याविषयी विचारही करावयाचा नाही. सुरी, तुरुंग, विश्वासघात यांपैकी कशानेही न हललेला हा माणूस या वाक्यांनी हलतो. रसिकाने पुस्तक मिटले आहे. त्याच रात्री पोलिस घराला वेढा घालून निघण्याच्या बेतात असताना लेक्टर अंधारातून पुढे येतो आणि गुडघे टेकून स्वतःला क्रॉफर्डच्या स्वाधीन करतो. आपण कोठे आहोत हे ग्रॅहमला यापुढे नेहमी ठाऊक असावे, एवढाच त्याचा हेतू. नको म्हणणाऱ्याला नको म्हणण्याची सोयही राहू नये, यासाठी त्याने तुरुंग पत्करला. शरणागतीचा हा देखावा पाहताना प्रथमदर्शनी त्याग वाटतो. त्याचा अर्थ शांतपणे लावला की त्यातली पकड ध्यानात येते.

पुढे तीन वर्षांचा काळ लोटतो. ग्रॅहमचे लग्न झाले आहे, बायकोचा आधीचा मुलगा आहे, कुत्री आहेत. कादंबरी जेथून सुरू होते तेथे मालिका आता पोचते. क्रॉफर्ड पुन्हा दाराशी येतो, नव्या खुन्याच्या तपासासाठी ग्रॅहमला पुन्हा ते मन उसने घ्यावे लागते, आणि ते घेण्यासाठी तुरुंगातल्या लेक्टरपुढे उभे राहावे लागते. लेक्टर कोठे आहे ते त्याला ठाऊक असतेच. शेवटच्या भागात ग्रॅहम लेक्टरला सांगतो की तुझी शरणागती ही माझ्या नकाराचाच परिणाम होती, आणि आपण नाकारले तर तू हेच करशील हे आपण जाणून होतो. हे खरे की मागाहून सुचलेले, याचा निर्णय मालिका देत नाही. खरे धरले तर लेक्टरची रचना म्हणून आपण जे पाहत होतो त्यात एक भाग ग्रॅहमच्या रचनेचा होता, आणि वाचकाने लेखकाला वाचता वाचता लिहिले होते. तो भाग संपतो समुद्रकाठच्या एका उंच कड्यावर. तिसऱ्याच एका खुन्याला दोघांनी मिळून मारले आहे, दोघेही रक्ताने माखले आहेत, लेक्टरला आयुष्यभर हवा होता तो क्षण आला आहे. ग्रॅहम त्याला मिठी मारतो आणि त्याला घेऊन कड्यावरून खाली झोकून देतो. कोणी ढकलले, याविषयी मात्र त्या दृश्यात कसलाच संदेह नाही.